चाळिसावा आवाज, घरबसल्या

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून मला इथल्या हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं फार कौतुक वाटत आलंय. निवृत्त शिक्षिका, डॉक्टर, हिशेबनीस अशी माणसं शनिवारी डबा घेऊन एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये जमतात आणि चारशे वर्षांपूर्वीचं संगीत दिवसभर गातात, वाजवतात. याला इथे ‘अर्ली म्युझिक’ म्हणतात, ढोबळमानाने १७५० च्या आधीचं युरोपीय संगीत. श्रोते बहुतेक नसतातच. एक जाणकार मार्गदर्शक येतो, नोटेशनची पानं वाटतो आणि संध्याकाळपर्यंत एखादी रचना उभी राहते.

मार्च २०२० मध्ये हे सगळं थांबलं. गाण्यावर तर विशेष कडक बंधनं होती. मे २०२१ मध्ये बाकी बरंच काही खुलं झालं, तरी हौशी गायकांना बंद जागेत सहापेक्षा जास्त जणांनी एकत्र गायची मुभा नव्हती. त्याच काळात या कार्यशाळा झूमवर आल्या आणि मला त्यांचा असा लळा लागला की हॉल पुन्हा उघडल्यावरही मी त्या सोडल्या नाहीत.

झूमवर एकत्र गाता कसं येतं, असं तुम्ही विचारालच. येत नाही. हॉलमध्ये दहा मीटरवरच्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत पोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यानेही लय ओढल्यासारखी वाटायला लागते. इंटरनेटवर उशीर त्याच्या कितीतरी पट. म्हणून सगळ्यांचे माइक बंद ठेवायचे. मार्गदर्शक बाकीच्या आवाजांचं रेकॉर्डिंग लावतो आणि आपण आपल्या खोलीत आपली ओळ, म्हणजे आपल्या आवाजाला नेमून दिलेली सुरावट, गायची. पडद्यावर सगळ्यांचे ओठ हलताना दिसतात, कानावर मात्र रेकॉर्डिंग आणि स्वतःचा गळा एवढंच.

वाचताना हे कोरडं वाटेल. पण हॉलमध्ये शेजारी पक्की गाणारी बाई असली की आपण नकळत तिच्या मागोमाग जातो. इथे ती सोय नाही, आपली ओळ आपणच धरायची. सोळाव्या शतकातले गायक नाहीतरी असेच गात. प्रत्येकासमोर फक्त स्वतःच्या आवाजाची वही, ‘पार्टबुक’. बाकीच्यांचं काय चाललंय ते कानांनी ओळखायचं.

याचं टोक म्हणजे इंग्लिश संगीतकार थॉमस टॅलिसची ‘स्पेम इन अलियम’. साधारण १५७० ची रचना. चाळीस स्वतंत्र ओळी, पाच-पाच आवाजांचे आठ गट. हौशी मंडळाने चाळीस ओळींना चाळीस भरवशाचे गळे आणायचे कुठून? ऑनलाइन तो प्रश्नच उरत नाही. मला आठव्या गटातली आल्टोची (बायकांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजाची) ओळ मिळाली होती. पहिल्या गटात सूर निघतो आणि एकेका गटाकडे सरकत येतो, तोवर मी पेन्सिल हातात धरून नुसत्या मात्रा मोजत बसलेली. शेवटाकडे सगळे एकदम थांबतात. पूर्ण शांतता. मग ‘रेस्पिचे’, म्हणजे ‘पाहा’ (आमच्या दीनतेकडे), या शब्दावर चाळीसच्या चाळीस आवाज एकदम फुटतात. हेडफोनमध्ये एकोणचाळीस आणि खोलीत माझा. त्या जागेवर माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

आपल्याकडच्या कानाला यात एक खास गोडी आहे. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार (आपोआप उमटणारा ‘ग’) ऐकू येतो आणि हार्मोनियमचा गंधार त्याहून चढा लागतो, हे आपण जाणतो. पियानोचंही तेच. सप्तकाचे बाराशे भाग धरले तर त्याचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ चौदा भागांनी चढा. जुन्या रचनांमधले स्वरमेळ या शुद्ध गंधाराने उजळतात. एका कार्यशाळेत मार्गदर्शकाने षड्ज आणि पंचम लावून ठेवले आणि आम्हाला आपापल्या घरी गंधार हळूहळू उतरवायला सांगितलं, कंप विरून सूर स्थिर होईपर्यंत. लहानपणी तंबोऱ्यासमोर बसले होते, त्यामुळे मला ती जागा चटकन सापडली. म्हणूनच कॉम्प्युटरने बनवलेल्या साथीपेक्षा माणसांनी गाऊन रेकॉर्ड केलेली साथ मला कधीही जास्त पसंत. त्यासाठी काही मार्गदर्शक एकेक ओळ स्वतः गातात. केवढी मेहनत!

उणीव आहेच, आणि ती मोठी आहे. शिकवणाऱ्याला तुमचा सूर ऐकू येत नाही, त्यामुळे चूक कोणी दाखवत नाही. अगदी नवख्याने आधी समोर बसून शिकावं. पण आमच्यात एक बाई आहेत, आजारी नवऱ्याला सोडून त्यांना दिवसभर बाहेर पडता येत नाही. त्यांच्यासाठी तरी या कार्यशाळा बंद होऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

पुण्या-मुंबईत, गोव्यात चर्चमध्ये किंवा हौशी वृंदात गाणारे पुष्कळ आहेत. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचून गायला शिकवत. तुम्हीही जरूर या. इथले दुपारचे दोन म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. जुन्या रचनांचं नोटेशन ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’वर फुकट मिळतं. हेडफोन मात्र वायरचेच घ्या, ब्लूटूथने आवाज मागे पडतो. आणि गाणार असाल तर एक कान उघडा ठेवा, स्वतःचा सूर ऐकू यायला हवा.