चिमटा कुणाकडे गेला?

माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. दोन वर्षांपूर्वी सहावीला प्रश्नार्थक वाक्यं शिकवून झाली, नियम वहीत उतरवून झाले, आणि उजळणीला एका मुलानं फळ्यावर लिहिलं, 'सीमा सेल्स मिल्क डू?' वर्गात कुणालाच काही खटकलं नाही. मी खडू घेऊन उठले खरी, पण चूक खोडायच्या आधी लक्षात आलं की पोरानं डोकं लावलंय. 'सीमा दूध विकते' याचा प्रश्न करायचा तर आपण शेवटी 'का' लावतो. त्यानं 'का'च्या जागी 'डू' बसवला होता. मराठीच्या हिशेबानं त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर माझी शाळा संपत आली होती. 'ही, शी, इटला एस लावायचा' हे आम्ही पाढ्यासारखं म्हटलं आणि तसंच मुलांकडून म्हणून घेतलं. ते पाठ असूनही वाक्य लिहिताना 'एस' कुठे जातो, हे माझ्या वर्गात कुणाला सांगता येत नव्हतं.

मग पत्रिका जमवल्या. लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांची चवड पडलेली असते, आणि जाड पत्रिकेची मागची बाजू बहुधा कोरी असते. एकेका पत्रिकेवर एकेक शब्द लिहिला. पहिला प्रयोग साफ फसला. पाच गट केले, पत्रिका पिसून वाटल्या आणि कोण आधी वाक्य लावतं अशी शर्यत ठेवली. प्रत्येक गटातल्या एकानंच सगळं लावलं, बाकीच्यांनी आरडाओरडा केला. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, पण कळलं. शर्यत मी तिथेच सोडली, आणि व्याकरणाला ती चालत नाही असंच माझं मत झालंय.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाचं मिळून एकच वाक्य घेतलं. पत्रिकांना सुतळी ओवून मुलांच्या गळ्यात घातल्या आणि त्यांना व्हरांड्यात दोन रांगांत उभं केलं. एक रांग मराठी : सीमा, दूध, विकते. समोर इंग्रजी : सीमा, सेल, मिल्क. आधी मुलांनी समोरासमोरच्या जोड्या पाहिल्या. दुधासमोर सेल उभा होता. 'हे तर मधीच घुसलंय की,' असं क्रियापदाबद्दल कुणीतरी म्हणालं. मग सीमाला बाजूला करून राजूला उभं केलं. मराठीच्या रांगेत 'विकते'ला जागा सोडावी लागली, 'विकतो' आला. इंग्रजीच्या रांगेत कुणी हललंच नाही. 'बाई, पोरगा आला तरी तसंच?' तसंच. भूतकाळात आणखी मजा आली. सीमानं दूध विकलं, म्हैस विकली, बैल विकला; आपलं क्रियापद कर्माकडे बघून बदलतं. तिकडे एकटा 'सोल्ड' सगळ्यांना पुरतो. हे मुलांना फार आवडलं. इंग्रजी सोपं असू शकतं, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

आता तो 'एस'. घरून कपडे वाळत घालायचे चिमटे आणायला सांगितले होते. चिमट्याला एक चिठ्ठी लावली, एका बाजूला 'एस', दुसऱ्या बाजूला 'ईएस'. 'सेल' झालेल्या मुलाच्या बाहीला चिमटा लावला की झालं 'सेल्स'. प्रश्न करायचा म्हटलं की 'डू' झालेली मुलगी पळत येऊन सीमाच्या पुढे उभी राहायची. येताना 'सेल'च्या बाहीचा चिमटा काढून घ्यायची आणि चिठ्ठी उलटून स्वतःच्या बाहीला लावायची. झालं 'डझ'. चिमटा एकच आहे, तो दोघांकडे एकदम असूच शकत नाही. एवढंच मला सांगायचं होतं, पण तोंडानं सांगून ते वर्षभर जमलं नव्हतं. 'डिड'लाही हीच युक्ती चालली. तो 'प्ले'कडचा 'ईडी' काढून न्यायचा. 'गो'चं काय करायचं हे मला सुचलं नव्हतं, एका मुलीला सुचलं : पत्रिकेच्या एका बाजूला 'गो', दुसरीकडे 'वेंट'. 'डिड' आला की पत्रिका पलटायची.

त्याच आठवड्यात साहेब शाळाभेटीला आले. व्हरांड्यात गळ्यात पत्रिका घातलेली पोरं पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'वह्या कुठायत?' वह्यांत त्या आठवड्याच्या पानांवर तारखा होत्या आणि चार-चार वाक्यं. शेरा मिळाला, लेखनकाम कमी. राग आला, पण घटक चाचणी झाल्यावर तो थोडा उतरला. 'डझ शी सेल्स' लिहिणारी मुलं तेव्हाही बरीच होती. व्हरांड्यात हात चालत होता, कागदावर पेन जुन्याच वाटेनं जात होतं. म्हणून मग रोज दहा मिनिटं उभ्यानं आणि लगेच तेच वाक्य वहीत, असा क्रम लावला. सहामाहीच्या पेपराला एक मुलगी प्रश्न लिहिण्याआधी दोन बोटांनी हवेतच काहीतरी चिमटीत धरून पुढे नेताना दिसली. तिचं वाक्य मी मुद्दाम आधी तपासलं. बरोबर होतं.

'अ' आणि 'ॲन'साठी मात्र पत्रिका-चिमटे काही लागले नाहीत. शब्द देवनागरीत लिहा, पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'अवर' लिहिताना एच दिसतच नाही, म्हणून ॲन अवर. 'युनिव्हर्सिटी' य पासून, म्हणून अ युनिव्हर्सिटी. 'एमएलए' ए पासून, म्हणून ॲन एमएलए. फळ्यावर दोन रकाने आखले, मुलं एकेक येऊन शब्द लिहीत गेली. इंग्रजी स्पेलिंग बघून जो गोंधळ होतो, तो यात होत नाही. मी या युक्तीवर इतकी खूश होते की शिक्षण परिषदेतही ती सांगून आले.

पण आमच्याकडे 'एक'ला 'येक' म्हणतात. पुढच्या चाचणीत एका मुलीनं अंड्यासाठी स्वच्छ अक्षरात 'येग' लिहिलं आणि माझ्याच नियमाप्रमाणे त्याच्यापुढे 'अ' लावला. गुण किती द्यायचे हे ठरवायला मला मधली सुट्टी लागली. अर्धा दिला.