कोयता दाखवा!

गच्चीवर ड्रममधलं लिंबू काही केल्या फळ धरेना, म्हणून दुपारी खत घालत बसलो होतो. शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "खत कसलं घालताय? कोयता दाखवा त्याला!"

पटलंच. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात मागच्या अंगणात पेरू होता. नुसता पाला. एका रविवारी आजोबांनी धोतर खोचलं, कोयता घेतला आणि खोडाशी उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं, "काय रे, तोडू का?" कणकेचे हात तसेच घेऊन आजी मागच्या दारात आली. "अहो, राहू द्या. पुढच्या वर्षी देईल तो."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालीस!"

मग दोन घाव. तेही बेतानं, सालीपुरते. पेरूची ती गुळगुळीत साल सुटून आतला ओला, हिरवट पांढरा भाग दिसला. आम्ही पोरं जिन्यात बसून झाड काय उत्तर देतंय ते बघत होतो.

पुढच्या हंगामात पेरू लागले. जाणकार सांगतात, साल कापली की पानांत झालेली साखर मुळांकडे उतरत नाही, वरच अडते, आणि झाड फळावर येतं. असेल. पण मग आजीची रदबदली कशासाठी होती?

तेल अवीवच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये टोमॅटोच्या रोपांजवळ मायक्रोफोन लावल्याचं प्रसिद्ध केलं. तहानलेली किंवा खोड कापलेली रोपं तासाला ३० ते ५० वेळा टकटक करतात, आपल्या कानांना न पोचणाऱ्या आवाजात. पाणी मिळालेली जवळजवळ गप्प. पाणी वाहणाऱ्या नलिकांत हवेचे बुडबुडे फुटत असावेत, असं म्हणतात. मी पेठेत वाढलोय. मला ती तक्रारच वाटते.

त्यामुळे एखादी कुंडी कुणाला देऊन टाकायची असेल, तर मी ते झाडासमोर काढत नाही. घरात येऊन, दार लोटून बोलतो. बायको हसते, पण आवाज तीही खाली आणते.

आजोबांनी निदान तोंडावर विचारलं होतं, आणि मध्ये पडायला आजी होती. आता रस्तारुंदीत झाडं जायची असली की खोडावर नोटीस लागते : हरकत असल्यास लेखी कळवावी. परवा एका वडावर पाहिली. चांगली खिळे ठोकून लावली होती.