टाळ वाजत राहतो तोवर

बरड, रात्री दहा

पंढरीच्या वारीत फलटण सोडलं तेव्हा सगळे खुशीत होते. संध्याकाळी तळावर पोचलो तर आमच्या दिंडीच्या जागेत दुसऱ्या एका दिंडीचे दोन ट्रक आडवे लावलेले. राहुट्या ठोकायला जागा नाही, आणि पाण्याचा टँकर त्या ट्रकांपलीकडेच रिकामा होऊन निघून गेलेला. स्वयंपाकाच्या बायका सामानाबरोबर दुपारीच पुढे आल्या होत्या. पीठ मळायला पाणी नाही म्हणून परात पालथी घालून बसल्या होत्या. जेवणाखाण्याची भिशी आधीच भरलेली माणसं, दिवसभर चालून आलेली. भुकेल्या माणसाला काय सांगणार? आमची पोरं बाह्या सावरून निघालीच होती. विणेकरी आबांनी अडवलं. "कशाला तोंड वाजवताय? टाळ हायत की आपल्याकडं."

माउलींच्या सोहळ्यात तळावर समाजआरती होते. पालखी मधे, भोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या, आणि टाळांचा असा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे, हातातला चोप (दंड) वर करतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिनं मात्र थांबायचं नाही, टाळ वाजवत राहायचं. चोपदार त्या आवाजाकडे जातात, काय झालं ते विचारतात, निवाडा करतात, मग तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा, उद्या किती वाजता निघायचं ते, आणि मग आरती.

आज आमचा टाळ वाजत राहिला.

इतकी वर्षं दुसऱ्यांचा ऐकला होता. स्वतः वाजवायचा म्हणजे निराळंच. अख्खं मैदान चिडीचूप आणि आपण पंधरा-वीस जण खणखण करतोय. माझ्या शेजारचा पोरगा, जो तासाभरापूर्वी ट्रकची काच फोडायला निघाला होता, तो लाजून मान खाली घालून वाजवत होता. राग होता, पण एवढ्या लोकांसमोर उभं राहायचं तर तो नीट शब्दांत सांगावा लागतो. कोणाच्या आयाबहिणी काढून चालत नाही. चोपदार आले. आबांनी तीन वाक्यांत सांगितलं: जागा, ट्रक, पाणी. चोपदारांनी समोरच्या दिंडीच्या प्रमुखाला बोलावलं, त्याचंही ऐकलं. त्याचं म्हणणं, मागच्या बाजूला चिखल होता, ट्रक रुतला असता. तेही खरंच होतं. निवाडा झाला: एक ट्रक आत्ता हलवायचा, दुसरा राहू दे, आणि पाण्याची सोय आधी यांची. "बघू", "करू", "नंतर भेटा" यातलं काही नाही. आबांनी हात वर केला, टाळ थांबले.

मला यात न्यायापेक्षा वेळ महत्त्वाची वाटते. आजची तक्रार आजच, आरतीच्या आधी. देवाचं काम तक्रारीसाठी खोळंबतं, तक्रार देवासाठी खोळंबत नाही. ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी सोहळा उभा केला तेव्हापासूनची मानतात. शिंद्यांच्या पदरी राहिलेला माणूस, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू मिळवलेला. त्यामुळे आखणी फौजेसारखी: रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. पण एवढ्या फौजेत रुसलेल्याला बोलायची जागा ठेवायचं कसं सुचलं असेल, ते मला कळत नाही. हुकूम देणाऱ्यांना सहसा हे सुचत नाही.

आणि चोपदारही आमच्यासारखेच चालून आलेले असतात, ही गोष्ट लहान नाही. गाडीतून उतरून निवाडा करणाऱ्याचं कोणी ऐकलं असतं की नाही, शंकाच आहे.

विण्याचंही तसंच. आबा पाणी प्यायला थांबले की विणा दुसऱ्याच्या गळ्यात जातो. तो खाली टेकवायचा नसतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. परवा आबांनी विणा एका कॉलेजच्या पोराला दिला आणि सत्तरीचे म्हातारे त्याच्या पाया पडून गेले. पोरगं घामाघूम. पण त्यानं उचललेला अभंग सगळ्यांनी धरला, "हा नको, तो म्हण" असं कोणी म्हटलं नाही. अर्थात क्रम ठरलेला असतो, त्या त्या वाराचे अभंग, हरिपाठ, त्यामुळे पोर फार भरकटू शकत नाही. नवख्याच्या हाती जबाबदारी द्यायची तर आधी वाट एवढी घोटलेली हवी.

आता माझं गावाकडचं दुखणं. आमच्या दूध संस्थेचा मी सचिव. वार्षिक सभेचा अजेंडा मीच लिहितो: मागील सभेचे इतिवृत्त, ताळेबंद, नफा वाटणी, आणि सगळ्यात शेवटी "ऐनवेळचे विषय". लोकांचं खरं म्हणणं असतं ते या शेवटच्या ओळीत. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून काढतात. त्याखाली एक पॉइंट घसरला की पैसे कापले जातात, आणि ते मोजायचं मशीन आमच्या ताब्यात. संशय येणारच. पण त्या विषयाची पाळी येईपर्यंत चिवड्याच्या पुड्या फिरायला लागलेल्या असतात, मागच्या रांगा उठलेल्या असतात, आणि पुढून "मंजूर, मंजूर" चालू असतं. मग तेच लोक वर्षभर पारावर बोलतात. तिथं निवाडा करायला कोणी नसतं, त्यामुळे बोलणं थांबतही नाही.

रात्री जेवण झाल्यावर, हो, भाकरी उशिरा का होईना झाल्या, अध्यक्षांना फोन लावला. आजचा प्रसंग सांगितला. म्हटलं, यंदा फॅटच्या तक्रारी पहिल्या घेऊ, मशीन सगळ्यांसमोर तपासू, मग ताळेबंद. ते हसले. म्हणाले, "सचिव, तिथं विठ्ठल आहे. इथं निवडणूक आहे."

त्यांचंही अगदीच खोटं नाही. वारीत उद्या सकाळी सगळ्यांना एकाच रस्त्यानं नातेपुत्याला जायचंय, भांडून जाणार कुठं? गावात ज्याला पटत नाही तो दुसऱ्या डेअरीला दूध घालतो.

पण अजेंडा मी टाइप करतो, अध्यक्ष फक्त सही करतात. आणि सही करताना ते तो कधी वाचत नाहीत.