13-9, 13-6, 13-7: 1982 च्या अजिंक्य कांगारूंचा दौरा

ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग संघ 1982 च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये उतरला. तिथे 15 आणि मग फ्रान्समध्ये 7, असे एकूण 22 सामने तो खेळला आणि सगळे जिंकला. बरोबरीसुद्धा एकही नाही. कांगारू दौऱ्यांची परंपरा 1908 पासूनची, पण ब्रिटन आणि फ्रान्समधून एकही सामना न गमावता परतलेला हा पहिलाच संघ. ब्रॅडमनच्या 1948 च्या क्रिकेट संघाला मिळालेलं 'अजिंक्य' हे बिरुद मग यांनाही चिकटलं.

या दौऱ्याचा विषय निघाला की ब्रिटनविरुद्धच्या पहिल्या कसोटीतला 40-4 हाच आकडा सांगितला जातो. मला मात्र वाटतं, अपराजित दौरा समजून घ्यायचा तर वर दिलेले तीन आकडे आधी बघावेत. विगन क्लबविरुद्ध 13-9, ब्रॅडफर्डविरुद्ध 13-6, हलविरुद्ध 13-7. तिन्ही सामने क्लब संघांशी होते. दौरा कुठे तुटला असता तर तो इथेच.

आधी खेळाविषयी, कारण मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर आपण जी रग्बी बघतो ती युनियन, 15 जणांची. लीग हा वेगळा खेळ. इंग्लंडच्या उत्तरेतले खाण कामगार आणि गिरणी कामगार शनिवारचं काम सोडून खेळायचे. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, यावरून 1895 मध्ये हडर्सफील्ड इथे क्लब वेगळे झाले आणि पुढे त्यांनी नियमही बदलले. संघ 13 जणांचा झाला. चेंडू असलेल्याला पकडून थांबवलं की झटापट संपते. तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे ढकलतो आणि खेळ पुन्हा सुरू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडूवरचा हक्क जातो.

1982 चे नियम आजच्यापेक्षा बरेच वेगळे होते, ते लक्षात न घेता त्या वेळचे आकडे वाचले तर फसायला होतं. ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीवर टेकवणं, 3 गुणांचा होता. तो 4 गुणांचा झाला 1983 मध्ये. ठेवलेला चेंडू लाथेने खांबांमधून मारला की होणारा गोल 2 गुणांचा, खेळ चालू असताना हातातला चेंडू टप्पा पाडून मारलेला ड्रॉप गोल 1 गुणाचा. म्हणजे आठ ट्राय असलेले तेव्हाचे 40 गुण आजच्या हिशोबाने 48 होतात. सहाव्या पकडीनंतर चेंडू थेट समोरच्याला मिळत नसे, स्क्रम होई (दोन्ही संघांचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू, एकमेकांना भिडतात आणि मध्ये चेंडू टाकला जातो), आणि तेव्हाच्या स्क्रममध्ये चेंडूसाठी खरी लढत असे. त्यामुळे तो चेंडू पायाने मागे ओढणारा हुकर महत्त्वाचा. या संघाचा कर्णधार मॅक्स क्रिलिच हुकरच होता. सामन्यात बदली खेळाडू फक्त दोन. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेंडू पुन्हा खेळात येताना बचाव करणाऱ्यांनी 5 मीटर मागे उभं राहायचं. आज हे अंतर 10 मीटर आहे.

या 5 मीटरमध्येच त्या दौऱ्याचं निम्मं उत्तर आहे. अंतर इतकं कमी असलं की बचावाची रांग एकदम पुढे सरकली तर चेंडू हातात येतो न येतो तोच समोरचा माणूस अंगावर आलेला असतो. पण रांग सरळ राहिली तरच हे जमतं. आपल्याकडे कबड्डीत साखळीतला एक जण आधी सुटला की चढाई करणारा नेमका त्याच फटीतून निसटतो, इथेही तसंच. एक जण दोन पावलं पुढे गेला की त्याच्या खांद्यामागे दार उघडं पडतं. ऑस्ट्रेलियाची रांग 80 मिनिटं सरळ राहायची. पहिला माणूस चेंडूच्या उंचीवर धरायचा म्हणजे समोरच्याला चेंडू साथीदाराकडे देता येऊ नये, दुसरा पायांना बिलगायचा. पकडलेला खेळाडू उठून चेंडू मागे सरकवेपर्यंत बाकीचे आपापल्या जागी परतलेले असत. ब्रिटनमधल्या 15 सामन्यांत त्यांच्यावर एकूण 80 गुण झाले, सामन्याला साधारण सव्वापाच. सेंट हेलेन्सला तर 32-0 असं कोरडं ठेवलं. त्यांनी केलेल्या 423 गुणांपेक्षा मला हे 80 जास्त मोलाचे वाटतात.

आता दौऱ्याचं वेळापत्रक. सिडनीच्या क्लब स्पर्धेचा अंतिम सामना 26 सप्टेंबरला झाला. पॅरामॅटाने मॅनलीला हरवलं. 2 ऑक्टोबरला वाटेत पोर्ट मोर्स्बीला पापुआ न्यू गिनीविरुद्ध सामना, तो 38-2 ने जिंकला. तो धरला तर एकूण 23, पण दौऱ्याचा हिशोब सहसा 22 चाच करतात. 10 ऑक्टोबरला हल किंग्स्टन रोव्हर्सविरुद्ध ब्रिटनमधला पहिला सामना (30-10), आणि 18 डिसेंबरला नारबोनला फ्रान्सविरुद्ध शेवटचा. 70 दिवसांत 22 सामने, म्हणजे साधारण सव्वातीन दिवसाला एक. पहिल्या 11 दिवसांत तर पाच: रोव्हर्स, विगन, बॅरो, सेंट हेलेन्स, लीड्स.

संघात 28 खेळाडू होते. 22 सामने गुणिले 13, म्हणजे 286 जागा भरायच्या. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दहा सामने येतात. पण कसोटीतले 13 जण आठवड्यातून दोनदा खेळवले तर तिसऱ्या आठवड्यात मांडीचे स्नायू आणि खांदे बोलू लागतात. म्हणून मधल्या वारी दुसरी फळी खेळवायची. दौरे बिघडतात ते इथेच. दुसऱ्या फळीला कळतं की आपण कसोटीत नाही, तिचा सराव ढिला पडतो, आणि बुधवारच्या रात्री दिव्यांखाली एखादा क्लब आयुष्यातला सर्वोत्तम खेळ करून जातो. यजमान क्लबसाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा सामना असतो. पाहुण्यांसाठी 22 पैकी एक.

फ्रँक स्टँटन या संघाचे प्रशिक्षक होते, आणि 1978 च्या दौऱ्यावरही तेच होते. तेव्हा ब्रिटनविरुद्धची मालिका जिंकूनही ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावरची कसोटी 18-14 ने गेली, आणि नंतर फ्रान्समध्ये दोन्ही कसोट्या हरल्या: 13-10 आणि 11-10. मोठं काम उरकल्यावर संघ सैल पडतो, हे त्यांनी स्वतः बघितलेलं होतं. 1982 मध्ये दुसरी फळी किती खोल होती ते एका उदाहरणावरून कळतं. उपकर्णधार वॉली लुईस, पुढे ज्याला या खेळातला सार्वकालिक महान मानलं गेलं, ब्रिटनविरुद्धच्या कसोटीत पहिल्या 13 मध्ये नव्हता. त्याच्या जागी ब्रेट केनी, कारण केनी आणि हाफबॅक (स्क्रममागून चेंडू घेऊन हल्ला चालवणारा खेळाडू) पीटर स्टर्लिंग पॅरामॅटात रोज एकत्र खेळायचे. स्टीव्ह मॉर्टिमरसारखा हाफबॅक स्टर्लिंगच्या मागे थांबला होता. लुईस आणि मॉर्टिमर ज्या संघाच्या दुसऱ्या फळीत आहेत, त्याच्याशी बुधवारी खेळणं हीसुद्धा शिक्षाच.

तरीही ते तीन सामने अटीतटीचे झाले. विगनचा सामना 13 ऑक्टोबरला, ब्रिटनमधला दुसराच. पाय अजून स्थिरावले नव्हते, सेंट्रल पार्कची गर्दी अंगावर येत होती. चार गुणांचं अंतर, म्हणजे एक ट्राय आणि त्यावरचा गोल झाला असता तर विगन जिंकलं असतं. ब्रॅडफर्डला 7 नोव्हेंबरला ऑड्सलवर 13-6. चार वर्षांपूर्वी कसोटी गेली होती ते हेच मैदान.

सगळ्यात अवघड हलचा. तारखा नीट बघा: रविवार 14 नोव्हेंबरला लंडनमध्ये फुलहॅमविरुद्ध सामना (22-5), मंगळवार 16 ला हलमध्ये, शनिवार 20 ला विगनला दुसरी कसोटी. सात दिवसांत तीन सामने. हल म्हणजे त्याच वर्षी चॅलेंज कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकलेला आणि त्या हंगामात पुढे लीगही जिंकणारा क्लब. बुलेव्हार्ड हे त्यांचं घरचं मैदान, प्रेक्षक जवळजवळ रेषेवर. 13-7. माझ्या मते संपूर्ण दौऱ्यात सगळ्यात मोठा विजय हाच, 40-4 पेक्षाही. ताज्या पायांनी चाळीस गुण करणं एक, आणि दोन दिवसांच्या अंतराने, कसोटी चार दिवसांवर असताना, अशा संघाला सात गुणांवर रोखणं वेगळं.

कसोट्यांचं चित्र मात्र एकतर्फी. 30 ऑक्टोबरला हलच्या बूथफेरी पार्कवर 40-4. आठ ट्राय, आणि ते आठ वेगवेगळ्या खेळाडूंचे: बूस्टेड, बॉइड, ग्रोथ, केनी, मेनिंगा, पिअर्स, प्राइस, रेडी. मल मेनिंगाने आठही ट्रायवर गोल केले. ब्रिटनचे चारही गुण 19 वर्षांच्या ली क्रुक्सच्या दोन गोलांचे. नावांची ती यादी पुन्हा वाचा. कडेने धावणारे विंगर आहेत, त्यांच्या आतल्या बाजूचा सेंटर आहे, पण स्क्रमच्या पहिल्या रांगेतला प्रॉप आणि दुसऱ्या रांगेतले धिप्पाड फॉरवर्डही आहेत. ब्रिटिश फॉरवर्ड पकड झाली की थांबायचे. ऑस्ट्रेलियाचे फॉरवर्ड चेंडू दिल्यावरही धावत राहायचे, त्यामुळे फट पडली की तिच्यात चेंडू घ्यायला दोन-तीन जण हजर. एरिक ग्रोथसारख्या दणकट विंगरला तर दोघांनी धरलं तरी त्याचा हात मोकळा राही आणि त्यातून पास निघे.

दुसरी कसोटी 27-6, तिसरी 28 नोव्हेंबरला लीड्सच्या हेडिंग्लीवर 32-8. तीन कसोटींत मिळून 99-18. ब्रिटनला संपूर्ण मालिकेत एकच ट्राय करता आला, स्टीव्ह इव्हान्सचा, तोही शेवटच्या कसोटीत.

हे अंतर कुठून आलं? शरीरापासून सुरुवात करू. ऑस्ट्रेलियन क्लबांत वजनांचा सराव आणि आहाराची शिस्त रुळली होती. वेन पिअर्स दारूला हात न लावणारा, तंदुरुस्तीसाठीच ओळखला जाणारा. दोनच बदली असताना शेवटची वीस मिनिटं कोण धावू शकतो, यावर सामना ठरायचा. दुसरं म्हणजे प्रशिक्षण. पॅरामॅटात जॅक गिब्सन अमेरिकन फुटबॉलकडून शिकून प्रत्येक खेळाडूच्या पकडी मोजत, कोणाची किती चुकली याची नोंद ठेवत. त्या एका क्लबचे चार जण पहिल्या कसोटीत होते: केनी, स्टर्लिंग, प्राइस, ग्रोथ. तिसरी गोष्ट, 1980 मध्ये सुरू झालेली स्टेट ऑफ ओरिजिन. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड, आणि 1982 मध्ये ती प्रथमच तीन सामन्यांची झाली. कसोटीच्या वेगाचा, कदाचित त्याहून कडक खेळ या मुलांना घरीच मिळत होता. ब्रिटनकडे तशी मधली पायरीच नव्हती. क्लबच्या सामन्यातून खेळाडू थेट कसोटीत येई.

फ्रान्समधल्या कसोट्या 15-4 (अविन्यो) आणि 23-9 (नारबोन). कसेबसे रेटून नेलेले सामने, पण 1978 ची चूक पुन्हा झाली नाही, एवढं पुरे.

ब्रिटनने यातून शिकायचं ठरवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. प्रशिक्षक फिल लार्डर ऑस्ट्रेलियातल्या पद्धती शिकून आले आणि प्रशिक्षकांचं शिक्षण नव्याने उभं राहिलं. 1983 मध्ये परदेशी खेळाडूंच्या बदल्यांवरची बंदी उठली आणि ज्यांनी हरवलं तेच शिकवायला आले. मेनिंगा सेंट हेलेन्सला, ग्रोथ लीड्सला. 1985 च्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर केनी विगनकडून आणि स्टर्लिंग हलकडून एकमेकांसमोर उभे होते. विगनने तो 28-24 असा जिंकला.

1986 मध्ये लुईसच्या नेतृत्वाखालचा संघ आला आणि त्यानेही 20 पैकी 20 जिंकले. आकड्यांत दोन्ही दौरे सारखे, पण दुसऱ्यात फरक दिसू लागला होता: विगनने त्यांच्यावर 18 गुण केले, ओल्डहॅमशी सामना 22-16 पर्यंत आला, आणि तिसरी कसोटी 24-15. 1990 च्या 27 ऑक्टोबरला वेम्ब्लीवर एलरी हॅन्लीच्या ब्रिटनने पहिली कसोटी 19-12 ने जिंकली. पॉल ईस्टवुडचे दोन ट्राय, मार्टिन ऑफियाचा एक. 1978 नंतर ब्रिटनच्या भूमीवर ऑस्ट्रेलियाचा तो पहिला पराभव. उरलेल्या दोन कसोट्या, 14-10 आणि 14-0, जिंकून मालिका ऑस्ट्रेलियानेच नेली.