गळ्यातली गाठ आणि बिडाचा तवा

शस्त्रक्रियेनंतर घरी आले, तेव्हा ओट्याखाली माझ्या नॉनस्टिक तव्याच्या जागी बिडाचा तवा होता. मला थायरॉइडचा पॅपिलरी कर्करोग झाला तो त्या काळ्या लेपामुळेच, असे सासूबाईंनी गळ्यावरचे टाके निघण्याआधीच ठरवून टाकले होते. त्यांची काळजी मला कळते, पण निवाडा जरा घाईने झाला.

तसा लेप बनवताना पूर्वी पीएफओए नावाचे रसायन वापरत. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते हवेत आणि ओहायो नदीत गेले व आसपासच्या वस्त्यांच्या पिण्याच्या पाण्यात उतरले. म्हणजे तेथील लोकांच्या अंगात ते तव्यातून नव्हे, नळातून आले. सुमारे ६९ हजार लोकांच्या तपासणीनंतर, २०१२ पर्यंत, तज्ज्ञ मंडळाने सहा आजारांशी त्याचा संबंध संभवतो असा निष्कर्ष काढला. त्या यादीत थायरॉइडचे विकार होते, परंतु कर्करोग दोनच होते, मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा. थायरॉइडचा विकार आणि थायरॉइडचा कर्करोग यांतला हा फरक व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात हमखास गळून पडतो.

संशय मुळीच निराधार आहे, असेही नाही. न्यूयॉर्कमधील माउंट सायनायच्या संशोधकांनी २०२३ मध्ये थायरॉइड कर्करोगाचे ८८ रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक यांच्या रक्ताची तुलना केली, तेव्हा याच कुळातील पीएफओएसच्या एका प्रकाराचे प्रमाण दुप्पट झाल्यास निदानाची शक्यता ५६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण बऱ्याच रुग्णांचे रक्त निदानाच्या सुमारासच घेतलेले होते, आणि ८८ हा आकडा लहानच.

दुसरीकडे, दक्षिण कोरियात सोनोग्राफीची चाचणी सर्रास होऊ लागल्यावर १९९३ ते २०११ या काळात या कर्करोगाचे निदान पंधरापट झाले आणि मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले; म्हणजे आजार वाढण्यापेक्षा तो सापडणे वाढले. माझीही गाठ मान दुखते म्हणून केलेल्या सोनोग्राफीत योगायोगानेच सापडली.

डॉक्टरांनी तव्याबद्दल काहीच विचारले नव्हते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "लहानपणी मानेला किंवा डोक्याला किरणोपचार दिले होते का?" पक्का पुरावा आहे तो किरणोत्सर्गाचा: १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर किरणोत्सारी आयोडीन गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये साठले, कारण या ग्रंथीला साधे आणि किरणोत्सारी आयोडीन वेगळे ओळखता येत नाही. मला तसे उपचार कधी झाले नव्हते. सासूबाईंना हे सगळे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "असू दे, तवा राहू दे." राहिला आहे, तेल मुरल्यापासून त्यावरचे घावन कड धरून सुटते.