नागाचा गाळ: हिराकस जमलं, ब्लँकनं अडवलं

मंडळी, नागपूरच्या नाग नदीच्या गाळातलं सूक्ष्म प्लास्टिक घरच्या घरी मोजायचा माझा खटाटोप चाललाय, आणि भांडेवाडीच्या खालच्या अंगाचा तो काळाकुट्ट नमुना अखेर साफ झाला! सांडपाण्याची चरबी आणि जलपर्णीची कुजलेली मुळं काही केल्या विरघळत नव्हती. आता हिराकसाच्या (फेरस सल्फेट) द्रावणात ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चमचा-चमचा टाकतो आणि काचेचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापमान ६० अंशांच्या आत राखतो. घाई केली की फेस उतू जातो आणि नमुनाही त्याच्याबरोबर जातो. प्रमाण पद्धतीत ७५ अंश लिहिलंय, पण तेवढ्या उष्णतेत नायलॉनसारख्यांचं नुकसान होतं, आणि मला नायलॉन तर हवंच आहे. हे सगळं गच्चीवर, चष्मा आणि हातमोजे घालून. स्वयंपाकघरात कोणीही करू नका.

मग मिठाचं संपृक्त पाणी, घनता १.२ च्या आसपास. रेती तळाला बसली आणि वर जे तरंगलं ते गाळणीकागदावर घेतलं. नाइल रेड या प्लास्टिकला चिकटून उजळणाऱ्या रंगाचे थेंब, अर्धा तास अंधार, निळा एलईडी, डोळ्यांवर नारिंगी फिल्टर. पॉलिथिनच्या पन्नीचे कपटे असे पिवळेधमक उजळले की मी आईला हाक मारून दाखवले. हा क्षण गाठायला अख्खा हिवाळा गेला होता.

त्यानंतर ब्लँक पाहिला. ब्लँक म्हणजे तेच पाणी, तेच मीठ, तोच रंग, फक्त गाळ नाही. त्यातही तंतू चमकत होते, आणि नमुन्यातल्या तंतूंच्या निम्म्याहून जास्त. ज्या बशीत नदीचा थेंबही नाही तिथे एवढे तंतू असतील, तर नागाच्या गाळातल्या तंतूंची संख्या सांगायला मला तोंड नाही.

पहिला संशय मिठावर. समुद्राच्या मिठात सूक्ष्म प्लास्टिक असतं, आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्येच ते दाखवलंय. म्हणजे आपण नदीतून समुद्रात धाडलेलं मिठाच्या पुडीतून नागपुरात परत येतं. मिठाचं पाणी काचतंतूच्या गाळणीतून दोनदा काढलं. थोडा फरक पडला. मग पाणी: बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये येतं, तेही गाळलं. काचेची भांडी गाळलेल्या पाण्यानं तीनदा धुतली आणि पालथी ठेवली. भडक केशरी सुती ॲप्रन घालूनच काम केलं, कारण केशरी तंतू दिसला की तो माझा, हे लगेच कळतं. केशरी जवळपास नव्हतेच. बाकीचे तसेच.

उरली हवा. आणि मे महिन्यातल्या नागपूरकराच्या घरात हवा म्हणजे कूलर.

ओल्या गाळणीकागदाच्या काचेच्या बश्या खोलीभर मांडल्या: एक कूलरसमोर, एक कपाटावर, एक स्वयंपाकघरात. तासभर कूलर सुरू, मग नव्या बश्या आणि तासभर कूलर बंद. आईचं म्हणणं होतं, "नवतपा सुरू हाय अन् तू कूलर बंद करून बसतो?" तिच्या त्रासाचं चीज झालं. कूलरसमोरची बशी तंतूंनी गजबजलेली, बंद असतानाची बरीच स्वच्छ. कपाटावरची मधली कुठेतरी.

आता मायक्रोस्कोपखाली नीट पाहिलं तर तंतू दोन जातींचे निघाले. एक चपटे, कडा फाटलेल्या, अंगावर पेशींच्या खुणा: हे कूलरच्या ताट्यांमधल्या लाकडाच्या तुसाचे. ते चमकतात कारण लाकडातलं लिग्निन निळ्या उजेडात मुळातच उजळतं, त्याला नाइल रेड लागत नाही. म्हणून आपल्यातल्याच पुण्याच्या एका ताईंनी मागे सुचवलेला रंग न घातलेला जोडनमुना आता प्रत्येक वेळी ठेवणार. तो नसता तर या तुसालाच प्लास्टिक समजत राहिलो असतो. तापल्या सुईची परीक्षाही घेतली: लाकडाचा तंतू काळा पडतो, प्लास्टिकचा आकसून गोळा होतो.

दुसरी जात मात्र सुईला आकसली. गुळगुळीत, सारख्या जाडीचे, निळे आणि काळे. हे पॉलिएस्टर: पडदे, चादरी, कुर्ते. कूलरचा झोत त्यांनाच आधी हलवतो. यातून एक गोष्ट खटकली. पॉलिएस्टरची घनता १.३८, म्हणजे १.२ च्या मिठाच्या पाण्यात ते तळाला जायला हवं. गाळातलं पॉलिएस्टर बहुतेक रेतीबरोबर खालीच राहिलं असणार, आणि वर सापडलेल्यांतलं पुष्कळसं नंतर हवेतून पडलेलं. तुमच्यापैकी जे फक्त मीठ वापरून पॉलिएस्टरचे आकडे काढताहेत, त्यांनी हे तपासावंच. झिंक क्लोराइडनं १.५ च्या वर जाता येतं, पण ते अंगाला आणि पाण्याला दोन्हीला वाईट, वापरून झाल्यावर ओतायचं कुठे हा प्रश्न. पाण्यातलं प्रदूषण मोजायला तेच पाणी बिघडवणं मला पटत नाही, त्यामुळे ते आणणार नाही.

उपाय असा निघाला. माशांची जुनी काचेची टाकी आडवी केली, तोंडावर ओला सुती कपडा सोडला, आत हात घालून काम. वेळ पहाटे चारची, तेव्हा कूलर बंद ठेवला तरी घरच्यांना सोसवतं. ब्लँकमध्ये आता मोजकेच तंतू येतात. ही पेटी सगळ्यांनी करावी, खर्च जवळपास शून्य. सामानाबद्दल दोन शब्द: काचेची भांडी इतवारी बाजारात हाताळून, ठोकून बघून घ्या, ऑनलाइन मागवलेली तडकून आली. नाइल रेड मात्र चांगल्या पुरवठादाराकडूनच, कितीही महाग पडलं तरी. थोडंसंच लागतं, मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅम. नारिंगी फिल्टरला रंगीत ॲक्रिलिकचा तुकडा पुरतो.

हे लिहिता लिहिताच एक सुचलंय, आणि त्यानं सगळा बेत बदलतोय. हवेतून येणाऱ्या तंतूंशी झगडत बसण्यापेक्षा खोलीत येऊच शकत नाही असा तंतू का मोजू नये? त्याच नमुन्यात एक रंगीत, एकसारख्या जाडीचा, काचेसारखा नितळ तुकडा सापडला होता. दोन पोलरायझर (एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश सोडणारे फिल्टर) एकमेकांना आडवे लावल्यावर तो इंद्रधनुषी पेटला. नायलॉन मांजा! संक्रांतीला गच्च्यागच्च्यांवरून तुटतो, झाडांवर लटकतो, नाल्यांतून नदीत जातो. बंदी आहे, तरी दर जानेवारीत दिसतोच. घनता १.१४, म्हणजे मिठाच्या पाण्यात तरंगतो. आणि कूलरमधून काही येत नाही.

मग प्रश्न असा विचारता येतो: हा मांजा किती खाली पोचतो? नाग पिवळीला मिळते, मग कन्हान, आंभोऱ्याला वैनगंगा, गोसीखुर्दचं धरण, पुढे वर्ध्याला मिळून प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी, आणि शेवटी आंध्रातल्या कोरिंगाच्या खारफुटीला वळसा घालून बंगालचा उपसागर. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं येतात. जाळ्यांच्या आणि गळाच्या दोऱ्यांत कासवं अडकून मरतात, आणि त्या दोऱ्याही पुष्कळदा याच नायलॉनच्या असतात. दोरा बारीक झाला की प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) तो गिळतात, तिथून माशांत. समुद्रापासून इतक्या दूर बसून आपण त्यात भर घालतोय, हे मला आकड्यानं दाखवायचंय.

अडचण उघड आहे: आंभोऱ्याला ढिवर बांधवांची जाळीही नायलॉनचीच. म्हणून आधी ओळखसंच हवा. मांजाचे तुकडे रंगानुसार, जाळ्यांचे तुकडे जाडीनुसार, प्रत्येकाचा पोलरायझरखालचा फोटो.

आणि हे सगळं पहिल्या पावसाआधी. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आसपासच्या नद्यांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात पुरानं तळाच्या गाळातलं सुमारे ७० टक्के सूक्ष्म प्लास्टिक वाहून गेलेलं दिसलं. आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नागाला जो पूर आला, त्यानं काय काय खाली नेलं असेल! तेव्हा आधीचा गाळ कोणी ठेवला नव्हता. यंदा ठेवायचा: अंबाझरीच्या खाली, पारडी, भांडेवाडी आणि आंभोरा. स्टीलच्या पळीनं, चिनी मातीच्या बरण्यांत, प्रत्येक ठिकाणी उघडी ठेवलेली एक कोरी बरणी सोबत. पहिला मोठा लोंढा ओसरला की त्याच जागी पुन्हा.

भंडारा किंवा कुहीकडे कोणी असेल तर आंभोऱ्याच्या दोन बरण्या भरून द्याल का? आणि ज्यांच्या गच्चीवर, झाडावर मांजा लटकतोय त्यांनी तो टाकू नका, रंग लिहून कागदी पाकिटात ठेवा. हिरवा आणि जांभळा माझ्याकडे नाही.