तुम्ही विचारलंत म्हणून : वादळात काय वाचवलंत?

मी पक्ष्यांची चित्रे काढते हे कळले, की इथे एक प्रश्न हमखास येतो: इयन वादळ आले तेव्हा घरातून काय वाचवलेत? एखादे मोठे चित्र उराशी धरून मी गुडघाभर पाण्यातून चालले, असे काहीतरी विचारणाऱ्याला ऐकायचे असते. प्रत्यक्षात मी तेवीस जुन्या स्केचवह्या गाडीच्या डिकीत टाकल्या आणि भिंतीवरच्या चित्रांकडे न बघता दार ओढून घेतले.

माझे घर फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, फोर्ट मायर्सजवळ आहे. वादळ आमच्या उत्तरेकडच्या टॅम्पा शहराकडे वळेल असा आधीचा अंदाज असल्याने आम्ही काहीसे गाफील होतो. 27 सप्टेंबर 2022 रोजी सकाळी घरे सोडण्याचा आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह ते कायो कोस्टा बेटावर धडकले. पूर्ण झालेले चित्र पुन्हा काढता येते, पण अमुक पहाटे बगळ्याने मान कशी आखडली होती, त्याच्या पायांना चिखल कुठवर लागला होता, हे त्या वहीखेरीज कुठेच नसते. हा विचार मात्र मला नंतर सुचला. त्या वेळी वह्या हाताशी होत्या आणि फ्रेमा डिकीत मावत नव्हत्या, हेही खरे.

चौथ्या दिवशी परतले तेव्हा भिंतीवर कमरेइतक्या उंचीला पाण्याची रेघ होती. सपाट खणांच्या कपाटात ठेवलेल्या जलरंगचित्रांची खाऱ्या पाण्याने एकसंध वडी झाली होती. ती उन्हात टाकण्याचा मोह होतो, पण सुकताना कागद एकमेकांना चिकटतात आणि दमट हवेत बुरशी दोन दिवसांतच धरते. म्हणून ओला कागद आधी गोठवून ठेवायचा असतो. आमच्याकडे वीजच नव्हती. माझी पंधरा वर्षांची मेहनत मग दूरच्या गावातल्या मैत्रिणीच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशव्यांशेजारी, कित्येक महिने पडून राहिली. (तिने त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही, मटार मात्र दुसरीकडे हलवले.) पुढे एकेक कागद सुटा करताना राखी बगळ्याचे एक चित्र हाती आले. रंग पसरून चहा सांडल्यासारखा डाग उरला होता, पण पेन्सिलीचे शिसे पाण्यात विरघळत नसल्यामुळे पिसान् पीस जागेवर होते आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, ‘मानेचा रंग ओल्या पाटीसारखा’.

सॅनिबेल बेटावर ‘डिंग’ डार्लिंग यांच्या नावाचे अभयारण्य आहे. 1934 चे अमेरिकेचे पहिले बदक-तिकीट (शिकाऱ्यांनी विकत घ्यायचे, पाणथळ जागा राखण्यासाठी पैसा उभारणारे तिकीट) ज्यांनी रेखाटले, ते हे व्यंगचित्रकार. बेटाकडे जाणारा रस्ताच वादळाने तोडला होता, त्यामुळे तिथे पोहोचायला मला बराच काळ लागला. गेले तेव्हा खारफुटी तपकिरी पडलेली होती. काळ्या खारफुटीला खोडातून पालवी फुटते, पण तांबड्या खारफुटीच्या जून फांद्यांना सहसा ते जमत नाही, त्यामुळे तिचे पट्टेच्या पट्टे उघडे राहिले. पूर्वी गुलाबी चमचा पक्षी मला गर्द सावलीतून शोधावा लागे. आता करड्या काटक्यांपुढे तो लांबूनच डोळ्यांत भरत होता, आणि ते मला अजिबात आवडले नाही. लोकांना उद्ध्वस्त घरांची चित्रे हवी होती. ती मी काढली नाहीत, आणि हिरव्या रंगाच्या नळ्याही कित्येक महिने उघडल्या नाहीत.

ऑगस्ट 2023 च्या अखेरीस इडालिया वादळ आले आणि बहुधा मेक्सिकोतल्या युकातानकडचे रोहित पक्षी त्याने उचलून फ्लोरिडात, अगदी दूर उत्तरेतल्या ओहायोपर्यंत नेऊन टाकले. आमच्याकडच्या चिखलपट्टीवर पाच उतरले होते. रंगांची पेटी गाडीत होती, तरी मी ती आणायला उठले नाही. पेन्सिलीने पाचही जणांच्या माना उतरवल्या आणि प्रत्येकीशेजारी रंग शब्दांत लिहिला.